पेरलेल्या बाभळी

विहीणबाई, तुमचं दहावं व्हायच्या आतच तुमच्या बरडावरच्या पहिल्या बाभळीला शेंदूर लागला.

कुणी लावला ते कुणी कबूल करेना. सकाळी मी आणि कमल वर चढून गेलो, तर बुंध्याशी एक गोल दगड, त्यावर शेंदूर, फोडलेला नारळ आणि विझलेली उदबत्ती. ते बघून तुमची लेक रडेल असं मला वाटलं होतं. ती उलट चिडली. म्हणाली, "आत्याबाई, हे झाड आईनं चाकासाठी राखलं होतं. चाकाच्या मधला तुंबा निघेल याचा म्हनत होती." कमल लग्न होऊन आली तेव्हापासून मला आत्याबाई म्हणते आणि आमच्या बऱ्हाणपुरातल्या इतवाऱ्यातल्या बायकांसारखं बोलते. तुमची बोली तिच्या तोंडात आली की समजावं, डोकं तापलंय. खाली घरी येऊन तिनं भावाला जाब विचारला. भिका जमिनीकडं बघत म्हणाला, "गावानं लावला. आईचं ठिकान झालं ते. आता तिथं कुऱ्हाड लागनार नाही."

ज्या तोडणीची तुम्ही अख्खा पावसाळा तयारी केलीत, ती अशी तुमच्याच नावानं थांबली.

पेपरात दोन ओळी द्याव्यात असं माझ्या वसंताचं, तुमच्या जावयाचं, म्हणणं होतं. मी नको म्हटलं. तुमचा जन्म कुठला, माहेर कुठलं, मागं कोण कोण आहे, हे ज्यांना माहीत असायला हवं त्यांना माहीत आहे, आणि सगळ्यांत चांगलं तुम्हाला. पुढं काय झालं तेवढं तुम्हाला माहीत नाही. ते सांगायला बसले आहे. पण आपलं बोलणं कधी सरळ रेषेत झालं नाही, तेव्हा हेही होणार नाही.

वसंतासाठी मुलगी बघायला आम्ही वैशाखात तुमच्याकडं आलो होतो. बऱ्हाणपुराहून निघून धूलकोट मागं पडलं की थोड्या वेळानं इंदूर संस्थानाची हद्द लागायची. रस्त्यावर आडवा बांबू, शेजारी खोपट, खोपटात जकातीचा शिपाई. त्यानं आमच्या गाडीतली पेढ्यांची पुडी उघडून पाहिली आणि ह्यांना विचारलं, "परदेसी माल है?" हे म्हणाले, "बुऱ्हानपूर के पेढे हैं." तो म्हणाला, "वही तो."

तुमच्या दारात आलो तर स्वागताला कुणी नाही. तुम्ही मागं शेळ्यांच्या वाड्यात. डोक्यावरचा पदर खोचलेला, हातात चाळण, चाळणीत लेंड्या. इकडं मुलीचे सासू-सासरे होऊ घातलेले लोक दारात उभे, आणि मुलीची आई लेंड्या चाळते आहे. मला बघून तुम्ही जराही गडबडला नाहीत. "थांबा बाई, हात धुते. बी वेचत होते."

"कसलं बी?"

"बाभळीचं. शेंगा शेळ्यांनी खाल्ल्या का बी वाड्यात पडतं. शेळीच्या पोटातून निघालेलं बी लवकर फुटतं. झाडावरचं घेतलं तर नुसतं पडून राहतं."

मला वाटलं, बाई थट्टा करते आहे. बाभूळ काय पेरायची गोष्ट आहे? ती बांधावर आपोआप येते, पायात काटा मोडला की शिवी खाते आणि एक दिवस चुलीत जाते. पोहे खाताना मी भीत भीत विचारलं की झाडंच लावायची तर आंबा का लावत नाही. तुम्ही शांतपणे म्हणालात, "आंब्याले पानी कोन घालीन? तुम्ही येता का हंडा घेऊन?"

परत येताना मी ह्यांना म्हणाले, बाभळी पेरणाऱ्या घराशी सोयरीक करायची का? हे म्हणाले, "आपण मुलगी बघायला गेलो होतो, पीक बघायला नाही." मुलगी सगळ्यांना पसंत होती. गोष्ट तिथं संपली. माझ्या आणि तुमच्या वादाची मात्र तिथून सुरुवात झाली.

तुमचं बरड मी त्या दिवशी खालूनच पाहिलं. नंतर पायाखालून गेलं तेव्हा कळलं की तिथं वीतभर मातीखाली नुसता मुरूम आहे. तुमच्याकडं पाऊस आधीच कमी, आणि पडेल तेवढा उतारावरून नाल्यात. कपाशी लावली तर घोट्याएवढी होऊन थांबायची, बोंड धरायच्या आत करपायची. तुमचे यजमान हयातभर त्या जमिनीत कपाशीच लावत राहिले, कारण त्यांचे वडील लावत होते. ते गेल्यावर तुम्ही खालच्या काळ्या पट्ट्यात ज्वारी-कपाशी ठेवलीत आणि वरचं सगळं बरड बाभळीला दिलंत. उताराला आडवे बांध घातलेत, म्हणजे पडेल तेवढं पाणी जागीच मुरावं, आणि बांधांच्या मधे ओळीनं बी टोचलंत.

बाभूळच का, ते तुम्ही पोह्यांच्या वेळी सांगितलं. आत्ताच का, ते लग्नाच्या आदल्या संध्याकाळी. मांडवाच्या कडेला बसून आपण अक्षता निवडत होतो. मधल्या वर्षात संस्थान मोडलं होतं, नवं राज्य झालं होतं, नाक्यावरचा शिपाई निघून गेला होता. तुम्ही म्हणालात, "विहीनबाई, राजा गेला म्हनून कोनी रडलं, कोनी पेढे वाटले. मी बी वेचून ठेवून नाक्याकडे बघत होते. तो बांबू आडवा होता तोवर माझं लाकूड बऱ्हानपुराले येऊन परवडत नव्हतं. निम्मं जकातीतच जायचं. आता गाड्या करनारे सगळे सुतार तुमच्या गावात, अन् रस्ता मोकळा. बाभळीले बारा-पंधरा वर्सं लागतात. मग वाट कशाची बघू?"

मी शाळेत मुलींना इतिहास शिकवत होते. संस्थानं विलीन झाली, हे मी त्या वर्षी निदान शंभरदा फळ्यावर लिहिलं असेल. त्याचा बाभळीशी संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तुम्हाला लिहिता-वाचता चांगलं येत होतं, पेपर आला तर तुम्ही तो पहिल्या पानापासून वाचायचात, आणि प्रत्येक बातमीचा लाकडाशी संबंध लावायचात. हा तुमचा स्वभावच.

पहिली वर्षं वाईट गेली. ज्या शेळ्यांनी बी दिलं त्यांच्याचपासून रोपं राखायची होती. ओळींच्या मधे तुम्ही तीळ आणि तूर घेतलीत, म्हणजे निदान घरखर्च निघावा. गावात लोक भिकाला विचारायचे, "काय रे, औंदा काट्याचं पीक कसं आहे?" तो तेव्हा मिसरूड फुटलेला मुलगा, त्याला ते फार लागायचं. घरी येऊन तुमच्याशी भांडायचा. तुम्ही त्याच्या हातात कोयता द्यायचात आणि खालच्या फांद्या छाटायला पाठवायचात. फांदी लहानपणीच छाटली तर खोड सरळ वाढतं, वाकडं खोड जळणाला जातं आणि सरळ खोड चाकाला, हे तुम्ही त्याला समजावलंत की नाही मला ठाऊक नाही. मला समजावलंत. मी काही विचारलं नव्हतं.

इतवाऱ्यातली ती सकाळ मात्र मला नेहमी आठवते. पहिली विरळणी झाली होती. दाट झालेल्या ओळींतली बारकी झाडं काढून तुम्ही गाडी भरून बऱ्हाणपुरात विकायला आणलीत, आणि गाडी आमच्या दारासमोर सोडलीत. अख्खी गल्ली जमली. मी धावत बाहेर आले, म्हटलं आत चला, हातपाय धुवा, जेवायला बसा. तुम्ही जागच्या हलला नाहीत. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही तुमच्याकडची रीत. आमच्याकडंही होती, पण आमच्या घरात ती कुणी एवढी मनावर घेत नव्हतं. तुम्ही गाडीच्या साटीवर बसलात, फडक्यातली भाकरी सोडलीत, तुमच्या घागरीतलं पाणी घेतलंत आणि जेवायला सुरुवात केलीत. कमल उंबऱ्याच्या आत उभी, डोळ्यांत पाणी. शेजारच्या बायका माझ्याकडं बघताहेत, की या घरात व्याह्यांना साधं विचारत नाहीत.

मला आधी राग आला. मग मी आत गेले, माझं ताट घेतलं आणि येऊन साटीवर तुमच्या शेजारी बसले. तुम्ही माझ्या ताटाकडं पाहिलंत, मग माझ्याकडं. भाकरीचा अर्धा तुकडा मोडून माझ्या ताटात टाकलात. म्हणालात, "मला तुमचं चालत नाही. तुम्हाले माझं चालतं." मी मास्तरीण, चारचौघांत रस्त्यावर कधी न जेवलेली बाई. त्या दिवशी लाकडाच्या गाडीवर बसून मी तुमची तिळाची चटणी-भाकरी खाल्ली आणि गल्लीनं ते बघितलं. तेव्हापासून आपण मैत्रिणी. तसं दोघींपैकी कुणीच कधी बोललं नाही. विहिणींनी मैत्रिणी असायचं नसतं बहुतेक.

पुढं नातू झाला. त्याच्या आधी महिनाभर तुमच्याकडून डिंक आला होता, तुमच्याच झाडांचा, आणि निरोप, की लाडू साजूक तुपातच करा. बारशाला आलात आणि उंबऱ्यावर पाय ठेवल्या ठेवल्या म्हणालात, "आना आता पानी. लई वर्सांची तहान हाये."

मग ते कोरडं वर्ष. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, पोळ्यापर्यंत खालच्या पट्ट्यातली ज्वारीसुद्धा पिवळी पडली. भिकाचा संयम सुटला. बरड कुणाला तरी देऊन टाकू आणि मोकळे होऊ, असं तो म्हणाला. तुम्ही नाही म्हणालात. तो रागानं घर सोडून चांदनी स्टेशनवर माल चढवायच्या कामाला लागला. तुम्ही त्याला बोलावणं पाठवलं नाही. बाभळींच्या शेंगा आणि पाला यांवर तुमच्या शेळ्या जगल्या, शेजाऱ्यांच्याही जगल्या. दुसरी विरळणी तुम्ही मजूर लावून एकटीनं उरकलीत आणि त्यावर ते वर्ष काढलंत. पुढच्या उन्हाळ्यात भिका परत आला. तुम्ही काही बोलला नाहीत, भाकरी वाढलीत. तोही काही बोलला नाही. मला नेहमी वाटायचं की तुम्ही दोघांनी त्या दिवशी भांडून घ्यायला हवं होतं. तुम्हाला तसं म्हटलंही. तुम्ही म्हणालात, "पोरगा आला ना? मग आता भांडन कशाले उकरू?" यात तुमचं चुकलं असं मला आजही वाटतं. जे त्या दिवशी बोललं गेलं नाही, ते सगळं भिकाच्या मनात साठून राहिलं आणि शेंदराच्या रूपानं बाहेर आलं.

बघता बघता ते बन झालं. मी शाळेच्या सुट्टीत येऊ लागले. बाहेर सगळीकडं उन्हानं तापलेले दगड, आणि तुमच्या बरडावर पाऊल टाकलं की सावली. दिवाळीत आले की झाडं पिवळ्या गोंड्यांनी भरलेली असायची, फांद्यांना सुगरणीचे खोपे लटकलेले. मी तिथं सतरंजी टाकून वह्या तपासायची. तुम्ही झाडांमधून फिरत बुंध्यांना कवेत घेऊन जाडी बघायचात. एकीला बन दिसत होतं, दुसरीला लाकूड.

आपल्या दोन राज्यांचं मिळून एक झालं त्या वर्षी मी जरा उदास होते. नागपूरकडं तोंड करून जगलेलो आम्ही, एकदम भोपाळकडं तोंड वळवायचं होतं. शाळेतले मराठी वर्ग किती दिवस राहतील सांगता येत नव्हतं. तुम्ही माझं सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "आपल्या पोरांचं लग्न आधी झालं अन् राज्यांचं मागून. तुम्ही वरमाय, तुम्ही रुसू नका." मला हसू आलं. हसता हसता मी म्हणाले, विहीणबाई, एक मागणं आहे, हे बन तोडू नका.

तुमचा चेहरा आठवतो मला. जणू मी म्हटलं होतं की नातवाला शाळेत घालू नका.

"बाई, ज्वारी पिकल्यावर उभी ठेवता का?"

"ज्वारी वेगळी. ही झाडं आहेत."

"मी पेरली. मी राखली. जे पेरलं ते पीक. पिकाचं वय झालं का कापायचं, मग परत पेरायचं. नाही कापलं तर पोकळ होईन, किडा लागेन, सुतार हात लावनार नाही."

"सावली आहे, पाखरं आहेत. या उजाड मुलखात एवढं तरी राहू द्या."

"सावली पाहिजे तर लोकांनी पेराव्या ना बाभळी. माझ्या एकटीच्याच किती दिवस बघतीन?"

हा वाद मग दरवर्षी झाला. कधी तुम्ही चिडलात, कधी मी. कमल मधे पडायची नाही, ती तुमच्या बाजूची आहे हे मला माहीत होतं. गेल्या दिवाळीत तुम्ही सुतार आणून झाडं दाखवलीत, माघात तोडणी धरलीत आणि मला आमंत्रण दिलंत. "या तोडनीले. बघवत नसेन तर डोळे झाकून उभ्या राहा." मी येणार नाही म्हटलं. तुम्ही म्हणालात, "येसान. बघा, याल." आपलं शेवटचं बोलणं हे.

पौषात एका सकाळी तुम्ही अंगणात उन्हाला बसलात आणि उठलाच नाहीत. भिकाला वाटलं डुलकी लागली.

तेराव्याच्या आदल्या दिवशी भिकानं मला ओसरीवर गाठलं. कमल आत होती, पण ऐकत होती हे मला कळत होतं. त्याच्याशी तिचं सकाळीच वाजलं होतं. दिल्या घरच्या लेकीनं माहेरच्या शेतात बोलू नये, असं काहीतरी तो बोलून गेला होता, आणि ती त्याच्याशी अबोला धरून बसली होती.

"मावशी," भिका म्हणाला, "तुम्हीच सांगा कमलला. तुम्हीच तर आईले म्हनायच्या, तोडू नका म्हनून. आता तुमच्या मनासारखं होतंय."

खरं होतं ते. माझ्या मनासारखंच होत होतं. मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं.

"भिका, मी म्हणत होते. आई ऐकत होती का?"

"नाही."

"मग आता ती उत्तर द्यायला नाही म्हणून माझं खरं करायचं, हे बरं नव्हे. तिच्यासमोर मला जिंकता आलं नाही. तिच्या माघारी मला जिंकायचं नाही."

तो मग म्हणाला, "मी तिच्याशी लई भांडलो या झाडांवरून. लोक हसायचे म्हनून. सोडून गेलो. ती एकटी राखत बसली. आता ती गेली, अन् मीच जाऊन तोडू? लोक काय म्हनतीन ते जाऊ द्या. माझा हात कसा उठेन?"

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. एवढं मोठं पोरगं, हुंदके देऊन रडलं. आतून कमल आली, त्याच्या शेजारी बसली. तुमच्या मागं त्या घरातलं खरं रडणं त्या वेळी झालं.

त्याच्या प्रश्नाला उत्तर दिलं ते चिंधू पाटलांनी. तुमच्या खालच्या अंगाचे शेजारी, काट्याचं पीक कसं आहे म्हणून भिकाला सगळ्यांत जास्त छळणारे. तेराव्याच्या जेवणाला आले होते. हात धुता धुता त्यांनी सहज विचारलं, "भिका, तोडनी कधी मग?"

"तोडनी नाही, काका. आईच्या नावानं बन राखायचं. तुम्ही सगळ्यांनीच तर शेंदूर लावला."

पाटलांचा चेहरा पडला. "मी नाही लावला. मी वाट बघत होतो बाबा. माझंही वरचं बरड पडीकच हाये. तुझ्या आईच्या, सरूबाईच्या लाकडाचं काय येतं ते एकदा डोळ्यांनी बघायचं अन् मग मीबी पेरायचं, असं मी धरून चाललो होतो. तुम्ही देव करून टाकला तर आम्हाले काय कळनार?" पंच्याला हात पुसून त्यांनी पुढचं म्हटलं. "देवाच्या पाया पडतात. देवाले कोनी पेरत नाही."

कमलनं माझ्याकडं पाहिलं. तुम्ही बोलता आहात असंच वाटलं. फक्त मिशा होत्या.

भिका दुसऱ्या दिवशी सकाळी एकटा वर गेला. येताना तो गोल दगड उचलून आणला, नाल्यावर धुतला आणि मारुतीच्या पाराशी नेऊन ठेवला. मग कमलला म्हणाला, "सुताराले निरोप धाडते का? तुला माहीत हाये ना, कोनती झाडं चाकाची अन् कोनती जळनाची?" कमलला माहीत होतं. तिला प्रत्येक ओळ माहीत होती.

तोडणीला मी आले. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. डोळे झाकले नाहीत. पहिला घाव भिकानं घातला, नंतर मजुरांनी हातात घेतलं. बाभूळ लवकर पडत नाही. पडली की जमीन हादरते आणि मग काटे मोडल्याचा आवाज थोडा वेळ येत राहतो. आतलं लाकूड विटकरीसारखं लाल. कातडं कमावणारे साल सोलून घेऊन गेले, बायकांनी काटक्यांच्या मोळ्या बांधल्या. कमल कमरेला पदर खोचून सरळ खोडं एकीकडं आणि वाकडी दुसरीकडं लावून घेत होती. भिका तिला विचारून विचारून खुणा करत होता. वरच्या कडेची सगळ्यांत चांगली चार-पाच झाडं बियांसाठी उभी ठेवली आहेत. तेवढं तुम्हीही ठेवलंच असतं असं दोघांचं म्हणणं पडलं.

आणि एक गोष्ट सांगते. एकही खोड पोकळ निघालं नाही. किडा कुठंच नाही. म्हणजे अजून काही वर्षं ती उभी राहिली असती तरी काही बिघडलं नसतं. तुम्ही असता तर मी हे तिथल्या तिथं ऐकवलं असतं, आणि तुम्ही म्हणाला असता की वेळेवर तोडलं म्हणून पोकळ निघालं नाही. दोन्ही बाजूंनी तेच लाकूड पुरावा म्हणून चाललं असतं. आपला वाद सुटण्यातला नव्हताच.

गाड्या बऱ्हाणपुरात आल्या तेव्हा चिंधू पाटील सोबत होते. लाकडाच्या भावाचा आकडा भिकाच्या तोंडून ऐकून त्यांना चालणार नव्हता, स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता. वखारीत गाड्या करणारा एक म्हातारा सुतार आला. त्यानं एका खोडावर हात फिरवला, वाकून एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत डोळा लावून पाहिलं. चांगला भाव बोलून म्हणाला, इतकी सरळ बाभूळ त्यानं फार दिवसांत पाहिली नाही, कुठल्या जंगलातली?

"जंगलातली नाही," भिका म्हणाला. "शेतातली. पेरलेली."

म्हातारा हसला. "बाभूळ कोई बोता है क्या?"

मी भिकाकडं पाहिलं. मिसरूड फुटल्यापासून हाच प्रश्न ऐकून मान खाली घालणारा मुलगा. त्यानं मान खाली घातली नाही.

"हमारे यहाँ बोते हैं," तो म्हणाला. "मेरी माँ ने बोया. इस बरसात में मैं बोऊँगा."

पाटील मागून म्हणाले, "और मैं भी."

मी घरी आले. इतवाऱ्यातल्या गर्दीतून चालताना पहिल्यांदा नीट रडले. बरड आता पुन्हा उघडं पडलंय, सुट्टीत येऊन मी बसू कुठं हा प्रश्न आहे, आणि तो तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला हसण्यासारखाही वाटणार नाही. तुमचं म्हणणं मला पटलं असं समजू नका. मला ते बन उभं हवं होतं, अजून हवं आहे. तरी भिकाला मी तुमच्याच बाजूनं सांगितलं.

बन माझं होतं, विहीणबाई. पण पीक तुमचं होतं.